परके शब्द, आपले अर्थ

‘मेस्त्रीनें घमेलें खालीं ठेवलें, आठवड्याचा पगार मोजून घेतला आणि मुलांसाठीं पाव घेऊन तो घरीं गेला.’ रत्नागिरीच्या कोणत्याहि आळींत हें वाक्य उच्चारलें तर ऐकणारास त्यांत परकें असें कांहींच आढळणार नाहीं. तथापि मेस्त्री, घमेलें, पगार आणि पाव हे चारहि शब्द पोर्तुगीज भाषेंतून मराठींत आलेले आहेत. त्याहून विशेष गोष्ट ही कीं, हेंच वाक्य एखाद्या लिस्बनच्या रहिवाशास ऐकविलें तर शब्दांचे ध्वनि त्यास ओळखीचे वाटतील, पण अर्थ जागोजाग अडतील. त्याच्या भाषेंत ‘मेस्त्र’ म्हणजे गुरु किंवा कोणत्याहि विद्येंतील निष्णात पुरुष; ‘गामेला’ म्हणजे लांकडाचें पसरट भांडें; ‘पगार’ हें तर नामच नव्हे, ‘पैसे देणें’ या अर्थाचें तें क्रियापद आहे; आणि ज्या शब्दाचा मराठींत ‘पाव’ झाला तो त्याच्या भाषेंत भट्टींतील सर्व प्रकारच्या रोटीस लागू पडतो. चार शब्द समुद्र ओलांडून आले आणि येथील घरांत नांदूं लागतांच चारांचेहि अर्थ कमीअधिक बदलले.

परभाषेंतून शब्द उसना घेतला म्हणजे त्याचा अर्थहि त्याच्याबरोबर जसाच्या तसा येतो, अशी सामान्य समजूत आहे. यामुळें अर्थ बदललेला दिसला कीं तो अज्ञानाचा दोष मानून, बोलणाराची थट्टा करण्याकडे सुशिक्षितांचा कल होतो. ही समजूत कितपत खरी आहे हें तपासून पाहण्यास रत्नागिरीसारखें सोईचें ठिकाण क्वचितच सांपडेल. समुद्रमार्गें आलेले शब्द येथें बंदरावर उतरले, दरबारी शब्द येथील जमिनीच्या कागदपत्रांत शिरले, इंग्रजी शब्द शाळाकचेऱ्यांतून पसरले. आणि परकी शब्दांना मराठींतून घालवून देण्याची मोठी चळवळहि याच गांवीं झाली.

प्रथम पोर्तुगीज शब्दांचा विचार करूं गेल्यास असें दिसतें कीं, अर्थ बदलण्यांत एक निश्चित रीत आहे. १५१० मध्यें गोवा पोर्तुगिजांच्या हातीं गेला. त्यांच्या किल्ल्यांचीं व घरांचीं बांधकामें, त्यांचीं गलबतें आणि त्यांचीं स्वयंपाकघरें यांत जे देशी लोक राबले, त्यांनीं ती भाषा शाळेंत बसून शिकलेली नव्हती. ती त्यांच्या कानांवर कामाच्या जागीं पडली. ज्या प्रसंगीं शब्द ऐकला तेवढ्याच प्रसंगाचा अर्थ त्यांनीं उचलला. धन्याच्या तोंडीं ‘पगार’ हा शब्द निघे तेव्हां हातावर पैसे पडत. म्हणून जें हातावर पडलें तोच पगार झाला. गवंडी व सुतार यांच्यावर देखरेख करणारा निष्णात मनुष्य तेवढा पाहण्यांत आला. म्हणून ‘मेस्त्री’ बांधकामाशीं जोडला गेला आणि विद्येचा गुरु त्या शब्दांतून गळाला. ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचें खोड. कैद्याचे पाय ज्या लांकडी ओंडक्यांत अडकवीत त्यासहि तेंच नांव होतें. मराठींत आल्यावर ओंडका गेला आणि कैद्यास कोंडून ठेवण्याची सबंध इमारतच ‘तुरुंग’ झाली. ‘बोंबा’ म्हणजे पाणी खेंचण्याचें यंत्र. त्याचा ‘बंब’ झाला. तो आग विझविण्यास धांवूं लागला आणि कोंकणी घराच्या न्हाणींत तांब्याचें रूप घेऊन पाणीहि तापवूं लागला.

या फेरबदलांत मूळच्या मराठी शब्दांचाहि हात असतो. पोर्तुगीज मनुष्याच्या भाषेंतील रोटीचा व्यापक शब्द मराठींत ‘पाव’ म्हणून आला तेव्हां भाकरी आणि पोळी हे शब्द येथें पूर्वींच आपापल्या जागीं बसलेले होते. त्यांस हलविण्याचें नव्या शब्दास कारण नव्हतें आणि सामर्थ्यहि नव्हतें. म्हणून मोकळी राहिलेली एकच जागा, म्हणजे आंबवून भट्टींत भाजलेल्या रोटीची, त्यानें व्यापिली. ‘प्रातु’ म्हणजे जेवणाचें साधें ताट. परंतु ताट, ताटली व थाळी या वस्तूंना येथें नांवें होतींच. तेव्हां कणीक मळण्याच्या मोठ्या, कांठाच्या भांड्यास ‘परात’ म्हणूं लागले. ‘बटाटा’ हें तर मुळांत कॅरिबियन बेटांवरील रताळ्याचें नांव. मराठींत रताळ्यास स्वतःचें नांव असल्यामुळें तें नव्यानें आलेल्या दुसऱ्याच कंदास मिळालें. सारांश, भाषेच्या घरांत जी खोली रिकामी असेल तींतच नव्या शब्दास राहावें लागतें.

फारसी व अरबी शब्दांचा मार्ग वेगळा होता. ते प्रामुख्यानें दरबार, कचेरी, न्यायासन आणि वसुली यांच्याद्वारें आले, आणि त्यांचा अर्थपालट त्या व्यवहारांतच शोधावा लागतो. ‘तक्रार’ या अरबी शब्दाचा अर्थ पुनरुक्ति, म्हणजे तेंच तेंच पुन्हा बोलणें. पुढें त्यास वादविवाद असा अर्थ आला. मराठींत मात्र अधिकाऱ्याकडे मांडलेलें गाऱ्हाणें एवढाच अर्थ स्थिर झाला. कचेरीच्या पायऱ्या झिजविणारास या दोन अर्थांतील नातें समजावून सांगण्याची गरज नाहीं. ‘हरकत’ म्हणजे हालचाल. एखाद्याच्या कामांत दुसऱ्यानें केलेली हालचाल ती आडकाठी. म्हणून ‘हरकत घेणें’ म्हणजे विरोध नोंदविणें आणि ‘हरकत नाहीं’ म्हणजे संमति. ‘मशक्कत’ म्हणजे कष्ट. शेतकऱ्याच्या तोंडीं त्याची ‘मशागत’ झाली, आणि कष्टांचे सारे प्रकार सोडून जमीन नांगरून, ढेंकळें फोडून ती पेरणीजोगी करणें हा एकच अर्थ उरला. ‘कलम’ म्हणजे बोरू. लेखणीनें लिहिलेल्या कायद्याचा एकेक भाग तें कलम. आणि बोरूप्रमाणें तिरपा छेद देऊन झाडावर बांधलेली फांदी तेंहि कलम. रत्नागिरीचा बागाईतदार आंब्याचें कलम लावतो आणि त्याच जमिनीच्या तंट्यांत वकील कायद्याचें कलम दाखवितो, तेव्हां दोघांच्या तोंडीं एकच शब्द असतो.

‘राजीनामा’ या शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. फारसींत ‘राजी’ म्हणजे संतुष्ट किंवा कबूल आणि ‘नामा’ म्हणजे लेख. अर्थात् राजीनामा म्हणजे संमतिपत्र. हिंदी व उर्दू भाषांत वादी-प्रतिवादींच्या तडजोडीचा लेख असा त्याचा अर्थ आहे. मराठींत त्याच शब्दानें अधिकारपद सोडल्याचें पत्र दाखविलें जातें. कबुलीचा लेख त्यागाचा लेख कसा झाला? मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाच्या व्यवहारांत याची वाट दिसते. खातेदारास जमीन सोडावयाची असेल तर तो सरकारास राजीनामा लिहून देई, म्हणजे ‘आपण राजीखुशीनें ही जमीन सोडीत आहों’ असें कळवी. आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. लेखांतील राजीखुशी मागें पडली, सोडणें तेवढें डोळ्यांपुढें राहिलें. जमीन सोडण्याचा लेख तसाच पद सोडण्याचा लेख झाला. अर्थ बदलला तो कोणाच्या अज्ञानानें नव्हे, तर रोजच्या कामकाजानें.

हा केवळ विद्वानांच्या करमणुकीचा विषय नाहीं, हें जुनीं कागदपत्रें वाचतांना कळतें. ‘मजकूर’ म्हणजे मूळ अरबींत ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तें’. जुन्या मोडी दस्तऐवजांत ‘मौजे मजकूर’ असें येतें त्याचा अर्थ ‘वर सांगितलेला गांव’ एवढाच. ‘साल मजकूर’ म्हणजे सांगितलेलें वर्ष. आज मराठींत मजकूर म्हणजे लिहिलेला किंवा छापलेला भाग. आजचा अर्थ मनांत धरून आजोबांच्या वेळचा वाटणीचा कागद वाचूं लागणारा मनुष्य पहिल्याच ओळींत घोंटाळ्यांत पडेल. तसेंच पेशवाईच्या पत्रव्यवहारांत निजामाच्या दरबारीं राहणारा ‘वकील’ भेटतो, तो न्यायालयांत भांडणारा कायदेपंडित नव्हे. तो राजदूत होय. शब्द तोच, अक्षरें तींच. परंतु दोन शतकांत काम बदललें आहे. ज्यांचीं घरें व बागा जुन्या कागदांवर अवलंबून आहेत, त्यांनीं शब्दाचा आजचा अर्थ कालच्या लेखावर लादूं नये, हें व्यवहाराच्या दृष्टीनेंहि महत्त्वाचें आहे.

इंग्रजी शब्दांच्या बाबतींत हीच प्रक्रिया अधिक जवळून पाहावयास मिळते. इंग्रजींत ‘बोट’ हा शब्द मुख्यतः लहान नौकेस लावतात. कोंकणांत लहान नौकांना होडी, पडाव, मचवा अशीं नांवें पूर्वींपासून होतीं. म्हणून ‘बोट’ हें नांव मुंबईहून उतारू घेऊन येणाऱ्या मोठ्या आगबोटीस मिळालें. पुढें ‘लागणें’ या अस्सल मराठी क्रियापदाशीं त्याचा संबंध जुळून ‘बोट लागणें’ असा प्रयोग झाला, आणि समुद्रप्रवासांत होणारी मळमळ त्यानें व्यक्त होऊं लागली. कोंकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्यें पूर्ण झाला. त्यापूर्वींच्या काळांत बोट आणि एस्‌. टी. हींच कोंकणच्या प्रवाशाचीं मुख्य साधनें होतीं. ‘एस्‌. टी.’ हीं मुळांत ‘राज्य परिवहन’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें. या व्यवस्थेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी धांवली. अल्पावधींतच हीं दोन अक्षरें संस्थेचें नांव न राहतां प्रत्यक्ष गाडीचें नांव झालीं, एस्‌. टी. येते, सुटते, भरते आणि चुकतेहि. शाळेंत ‘गॅदरिंग’ म्हणजे नुसता जमाव नव्हे, तें वार्षिक स्नेहसंमेलन. आणि ‘कॉपी’ म्हणजे नक्कल खरी, पण परीक्षेंत चोरून केलेली.

हा प्रकार एकट्या मराठीचा नाहीं. पोर्तुगीज लोक १५४३ मध्यें जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. ज्या शब्दाचा मराठींत ‘पाव’ झाला त्याचाच जपानींत ‘पान’ झाला, आणि आज जपानी मनुष्य भट्टींतील सर्व रोट्यांना, गोड पुरण भरलेल्या रोटीसहि, तेंच नांव देतो. इंग्रजीचा प्रसार झाल्यावर त्या भाषेनें हजारों इंग्रजी शब्द घेतले आणि त्यांचे अर्थ निःसंकोचपणें आपल्या सोईनें वळविले. इंग्रजींत ‘मॅन्शन’ म्हणजे श्रीमंताचा प्रशस्त वाडा. जपानींत ‘मान्शोन’ म्हणजे पक्क्या बांधणीच्या मोठ्या इमारतींतील बिऱ्हाड. ‘स्मार्ट’ म्हणजे हुषार किंवा टापटिपीचा. जपानींत त्याचा अर्थ सडपातळ. ‘हँडल’ म्हणजे कोणतीहि मूठ. जपानींत तें मोटारीचें सुकाणूचक्र झालें. ‘कनिंग’ म्हणजे लबाड. जपानी विद्यार्थ्याच्या तोंडीं ‘कान्निंगु’ म्हणजे परीक्षेंतील चोरी. मराठी विद्यार्थ्याची ‘कॉपी’ आणि जपानी विद्यार्थ्याचें ‘कान्निंगु’ यांत कृत्य एकच आहे. इंग्रज विद्यार्थी मात्र त्या कृत्यास या दोहोंपैकीं एकहि नांव देत नाहीं.

आणखी एक साम्य लक्षांत घेण्याजोगें आहे. जपानी मुलांच्या पाठीवरील शाळेच्या पिशवीस ‘रांदोसेरु’ म्हणतात. तो शब्द डच भाषेंतील शिपायाच्या पाठपिशवीच्या नांवावरून आला. मराठी मुलाच्या पिशवीस ‘दप्तर’ म्हणतात. त्याचें मूळ ग्रीक भाषेंत कातड्याचा वाचक असलेल्या शब्दांत आहे. कातड्यावर लिहीत म्हणून लेखांस तें नांव मिळालें. अरबी-फारसींतून तें मराठींत आलें. पेशव्यांचें दप्तर झालें, आणि शेवटीं वह्यापुस्तकांचें ओझें म्हणून पोराच्या खांद्यावर बसलें. जपानी बालक शिपायाची पिशवी वाहतें आणि मराठी बालक दरबारचें कागदपत्र वाहतें. पण त्यांपैकीं कोणासहि त्याची वार्ता नसते, आणि असण्याची जरुरीहि नाहीं.

आतां प्रश्न येतो तो परकी शब्दांच्या बहिष्काराचा. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सतराव्या शतकांत ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, त्यांत फारसी राज्यकारभाराच्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. पुढें स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळांत रत्नागिरींत स्थानबद्ध होते, तेव्हां त्यांनीं भाषाशुद्धीची चळवळ हातीं घेतली. महापौर, दिग्दर्शक, हुतात्मा यांसारख्या शब्दांचें श्रेय त्यांस दिलें जातें. कवि माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनीं १९२५ मध्यें ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला. तेच पुढें भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि १९३८ मध्यें त्यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ निघाला. भाषेवर परक्यांचें दडपण येऊं नये आणि नव्या वस्तूस नांव देण्याची स्वतःची शक्ति तिनें गमावूं नये, ही या चळवळीमागील तळमळ खोटी नव्हती.

तिचें फळ मात्र सर्वत्र सारखें आलें नाहीं, आणि त्यांतील भेद मार्मिक आहे. जेथें वस्तु किंवा पद नवें होतें आणि परकी शब्दास रुजण्यास वेळ मिळाला नव्हता, तेथें नवा मराठी शब्द सहज रूढ झाला. महापौर हा शब्द आज कोणासहि अवघड वाटत नाहीं. परंतु ज्या परकी शब्दानें आपला मूळचा अर्थ टाकून मराठींत नवा अर्थ धारण केला होता, तो प्रतिशब्दानें हालला नाहीं. ‘वेतन’ हा शब्द कागदोपत्रीं स्थिरावला, तरी महिनाअखेर घरीं येतो तो पगारच. ‘त्यागपत्र’ सर्वांस समजतें, पण मंत्री देतो तो राजीनामाच. जपानांतहि असेंच घडलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शत्रूची भाषा नको म्हणून १९४३ मध्यें बेसबॉलच्या खेळांतील पंचांचे इंग्रजी पुकारे काढून तेथें जपानी शब्द घालण्यांत आले. युद्ध संपल्यावर ते इंग्रजी पुकारे परत आले. मात्र त्या खेळासाठीं जपान्यांनीं पूर्वींच घडविलेलें ‘याक्यू’ हें स्वतःचें नांव तेव्हांहि होतें आणि आजहि टिकून आहे. शब्द घडविणें वेळेवर झालें तर साधतें. रुजलेला शब्द उपटणें फार कठीण असतें.

अर्थ पालटणें हा परकी शब्दांचाच विकार असता तर गोष्ट वेगळी. परंतु संस्कृत शब्दहि त्यापासून सुटलेले नाहींत. ‘शिक्षा’ म्हणजे शिकविणें. हिंदींत आजहि तोच अर्थ आहे. मराठींत शिक्षा म्हणजे दंड. ‘कादंबरी’ हें बाणभट्टाच्या नायिकेचें नांव; मराठींत तें एका सबंध वाङ्मयप्रकाराचें नांव झालें. या शब्दांना कोणी अशुद्ध म्हणत नाहीं. मग ‘तक्रार’ किंवा ‘मशागत’ यांनीं केलें तें निराळें काय?

या प्रश्नाची धार आजच्या कोंकणांतहि जाणवते. ‘चाकर’ हा फारसी शब्द, अर्थ सेवक. त्यापासून ‘चाकरमानी’ हा शब्द झाला आणि नोकरीसाठीं मुंबईस गेलेल्या कोंकणी माणसास तो लागला. गणपतीच्या सणास तो घरीं येतो. त्याच्या पैशानें घराचीं कौलें बदललीं जातात, मुलांचीं शिक्षणें होतात. गांवाच्या तोंडीं या शब्दांत सेवकाचा हीनपणा उरलेला नाहीं. उलट वाट पाहण्याचा जिव्हाळा त्यांत भरला आहे. तथापि मूळ अर्थ कमीपणाचा आहे, म्हणून त्याऐवजीं ‘कोकणवासी’ म्हणावें, अशी मागणी २०२५ मध्यें पुढें आली. माणसाच्या मानाची काळजी वाहणें हें योग्यच होय, आणि ज्यास तो शब्द बोंचतो त्याचें म्हणणें ऐकलेंहि पाहिजे. परंतु शब्द हीन आहे कीं नाहीं याचा निवाडा केवळ फारसी कोशांत पाहून होणार नाहीं. तो ज्यांच्या ओठीं आहे आणि ज्यांना तो लागतो त्यांच्या मनांतील अर्थ पाहूनच करावा लागेल.

शब्दाचें कूळ व शब्दाचा अर्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत. कूळ सांगतें तो कोठून आला. अर्थ सांगतो तो येथें काय करतो. रत्नागिरीच्या हापुसाइतकें याचें स्पष्ट उदाहरण दुसरें नाहीं. हें नांव गोवा घेणारा पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नांवावरून आलें असें मानतात. परंतु २०१८ मध्यें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांतील हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां कायद्यानें जें जपलें तें कोणा सेनानीचें नांव नव्हतें. कातळांत खड्डे खणून, माती भरून, कलमें जगविणाऱ्या बागाईतदाराच्या श्रमाचें तें नांव होतें. परक्यानें दिलेल्या अक्षरांत येथील माणसानें आपला अर्थ भरला, आणि त्याच अर्थाच्या बळावर आज त्याची उपजीविका सुरक्षित होऊं पाहत आहे. असा शब्द उसना राहिलेला नसतो. त्याचें मोल कष्टानें फेडलेलें असतें.